बातमीतला कामकरी



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज मी त्यांपैकी काहीच आणलेले नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी हाताने काम करणाऱ्या माणसाचे चित्र कसे रेखाटले, आणि ते चित्र न पटल्यामुळे त्या माणसाने स्वतः काय उद्योग केला, एवढाच माझा विषय आहे. विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. अंधेरी-बोरिवलीकडचे असोत की घाटकोपर-मुलुंडकडचे, आपण उपनगरवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या लोकलगाडीत वर्तमानपत्र वाचत आलो. आता हातात कागदाऐवजी मोबाइल आला, तरी वाचनाची जागा तीच राहिली. त्या गाडीच्या खिडकीतून रुळांलगतची वस्ती रोज दिसते. परंतु तिच्याविषयीचे आपले मत खिडकीपेक्षा हातातल्या वर्तमानपत्राने अधिक घडविलेले असते. म्हणून हा इतिहास थोडासा आपल्याही मनाचा आहे.

इतिहासात शिरण्यापूर्वी व्याकरणाचा एक मुद्दा सांगतो. आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजी बातमीदाराला ही पंचाईत नसते. त्याचे एकच सर्वनाम मंत्र्यालाही चालते आणि हमालालाही चालते. मराठी बातमीदाराला मात्र लेखणी कागदाला टेकवताक्षणीच ठरवावे लागते, की ज्याच्याविषयी लिहावयाचे तो ‘तो’ आहे की ‘ते’ आहेत. प्राध्यापक ‘म्हणाले’, रिक्षावाला ‘म्हणाला’. डॉक्टरांचे ‘निधन’ होते, मजूर ‘ठार’ होतो. बाई वकील असल्या तर ‘त्या’, आणि चार घरची धुणीभांडी करणारी असली तर ‘ती’. मग वय साठीच्या पुढे का असेना. हा कोणाचा दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. बातमी लिहिणारा बहुधा सज्जन गृहस्थ असतो, घरी कामाला येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणणारा असतो. पण सवय त्याच्याही आधी कागदावर उतरते. उद्या सकाळी कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडून केवळ क्रियापदे तपासावीत. आत काय लिहिले आहे हे न वाचताही कोणता माणूस कोणत्या थराचा आहे, याचा बराचसा अंदाज आपणांस बांधता येईल.

तसाच दुसरा शब्द ‘नागरिक’. रस्त्यावरून मोर्चा गेला, की ‘नागरिकांचे हाल’ होतात. आता मोर्चात चालणारे हजारो लोक कोण? त्यांचेही पाय भाजलेच असतील, त्यांचाही दिवसाचा रोजगार बुडालाच असेल. पण बातमीच्या वाक्यरचनेत ते नागरिकांच्या बाहेर पडलेले असतात. ‘जनजीवन विस्कळीत’ या शब्दप्रयोगाची गोष्ट तीच. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते, आणि जन कोण हे त्यात परस्पर ठरून गेलेले असते.

हे आज सुरू झाले काय? तसे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले तेव्हा त्यात एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. देशी लोकांना विलायती विद्येची गोडी लागावी आणि राज्यकर्त्यांना देशी लोकांचे मन कळावे, हा त्यामागील हेतू उघड होता. त्यात कामकरी दिसत नाही, हा दोष बाळशास्त्रींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गिरणी कामगार ही जातच तेव्हा जन्माला यावयाची होती. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारण्यास घेतली ती १८५४ साली. पुढल्या पंचवीस-तीस वर्षांत कोकणातून आणि घाटावरून माणसे येत गेली, परळ-लालबाग-भायखळ्याच्या चाळी भरत गेल्या, आणि तरीही सुशिक्षितांच्या वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख यावयाचा तो प्रायः कापसाच्या भावाच्या अनुषंगाने.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली घातली. आपण आज जिथे बसलो आहोत त्या मांडवाचे मूळ तेच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, त्याच पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. भालेकर हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. शेतकरी, कष्टकरी आणि तथाकथित खालच्या जातींची माणसे हा या पत्राचा विषय होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेच त्याचे अपेक्षित वाचकही होते. पत्र पैशाअभावी डबघाईस आले, तेव्हा १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले आणि मुंबईस आणले.

लोखंडे यांच्यापाशी थोडा वेळ थांबावे असा हा मनुष्य आहे. जन्म १८४८, ठाण्याचा. म्हणजे मुलुंडकरांच्या अगदी शेजारचा. शिक्षण बेताचे, रेल्वेत आणि टपालखात्यात काही काळ नोकरी करून मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीचा भोंगा, जॉबरची दमदाटी, दंड, पगाराची दिरंगाई हे सर्व त्यांनी रोज पाहिलेले. अशा माणसाच्या हाती वृत्तपत्र आले, ही मराठी पत्रकारितेच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

त्या वेळी कारखान्यांच्या कायद्याचा वाद चालू होता. पहिला कायदा १८८१ साली झाला. त्याने काय दिले? सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच! मोठ्या माणसांविषयी, बायकांविषयी त्यात काही नव्हते. तरीही राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक पत्रांनी या कायद्याला विरोध केला, आणि त्यांत पुण्याचे नवे ‘मराठा’ पत्रही होते. त्यांचे म्हणणे असे, की हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा कावा आहे. आमची बाल्यावस्थेतली कारखानदारी त्यांना मोडावयाची आहे, आणि मजुरांचा कळवळा हे निमित्त आहे.

आता न्याय करताना दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. हा संशय खोटा नव्हता. लँकेशायरचे व्यापारी भारतीय गिरण्यांविरुद्ध खटपट करीत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु संशय खरा असल्यामुळे सात वर्षांच्या पोराचे नऊ तास कमी होत नाहीत. त्या सगळ्या वादात कामकरी माणूस मँचेस्टर आणि मुंबई यांच्या भांडणातले एक प्यादे म्हणून येतो. प्यादे काय म्हणते, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. सुचले ते लोखंड्यांना.

१८८४ साली सरकारने कमिशन नेमले, तेव्हा लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. त्यातल्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि कायमचे पंगुत्व आले तर पोटाची तजवीज करावी. यांत कोठे क्रांतीची भाषा नाही, डोळ्यांत पाणी आणणारे वर्णन नाही. पंधरा तारीख, अर्धा तास, सूर्यास्त. ज्याने ते भोगले त्यालाच असे मोजके मागता येते. दुरून सहानुभूती बाळगणारा लेखक ‘बिचारे मजूर’ म्हणून दोन परिच्छेद लिहील, पण पगार पंधराव्या दिवशी मिळणे आणि पंचविसाव्या दिवशी मिळणे यांतला फरक, वाण्याच्या उधारीच्या वहीतला तो फरक, त्याच्या लेखात येणार नाही.

लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला आज आपण हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणतो, आणि २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले, तर त्या संस्थेला ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी, ना नियम. मग होते काय? ‘दीनबंधु’ होते. पत्र हीच संघटना होती. ते चाळीत मोठ्याने वाचले जावयाचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते ऐकून वाचक होत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साल लक्षात घ्या. त्या काळी सुशिक्षितांच्या पत्रांत स्त्रियांना बोलू द्यावे की नाही, शिकवावे की नाही, यावर पुरुष हिरिरीने लिहीत होते. आणि इथे लुगडे नेसलेल्या दोन गिरणीवाल्या बाया दहा हजारांपुढे उभ्या राहून आठवड्याची सुट्टी मागत होत्या! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सायंकाळी व्याख्यानाला येऊ शकतो यात त्या दोघींचा वाटा आहे.

त्याच सुमारास विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला, त्यामागेही लोखंडेच होते. केशवपनावर तेव्हा रकानेच्या रकाने लिहिले जात. शास्त्राधार, सुधारकांचे म्हणणे, सनातन्यांचे म्हणणे. न्हाव्यालाही या प्रकाराची किळस येत असेल, त्यालाही मन आहे, हे त्या रकान्यांत नव्हते.

पक्षभेद तीव्र असले तरी माणसे मात्र पत्रांइतकी कडवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा दहा हजार रुपयांचा जामीन भरणारे रामशेट उरवणे हे जोतीरावांचे सहकारी होते. ज्या जोतीरावांवर चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने आसूड ओढले होते, त्यांच्याच गोटातून ही मदत आली. लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगात गेले. रोग्यांची सेवा करीत असता तो त्यांना जडला.

पुढे चित्र बदलले, पण गमतीदार रीतीने बदलले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक असे सहा दिवस काम बंद ठेवले. रस्त्यावर लष्कर आले, गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. त्या संपाची दखल दूर युरोपात बसलेल्या लेनिनने त्याच वर्षी घेतली. आता कामकरी राष्ट्रीय पत्रांत मानाने आला. देशभक्त म्हणून, लोकमान्यांचा भक्त म्हणून आला. हा गौरव खराच होता, आणि टिळकांनीही त्याआधी कामगारांत जाऊन स्वदेशीचा आणि दारूबंदीचा प्रचार केला होता. पण गौरवाच्या या चित्रातही एक ग्यानबाची मेख होती. कामगार आमच्यासाठी लढला की तो थोर. स्वतःच्या पगारासाठी लढला की तो कोणाच्या तरी चिथावणीला बळी पडलेला. ही दुहेरी मोजपट्टी पुढे फार काळ टिकली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही ती मोडली नाही.

आता दुसऱ्या एका धाग्याकडे वळतो, कारण त्याच्यावाचून हा इतिहास खोटा ठरेल. ‘कामगार’ हा शब्द एकसंध दिसतो, तसा तो नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत दिली. पत्राची जाहिरात ‘केसरी’कडे पाठविली होती, पैसे देऊ करूनही ती छापली गेली नाही. ‘मूकनायक’ हे नावच तत्कालीन वृत्तपत्रसृष्टीवरचे भाष्य आहे. इतकी पत्रे निघत असता एवढा मोठा समाज मुका का, हा प्रश्न त्या पाच अक्षरांत आहे. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये, ‘जनता’ १९३० मध्ये, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ मध्ये. पत्रे बंद पडत गेली आणि नवी निघत गेली. आज आपण ही नावे आदराने घेतो, पण त्या काळी ती बहुसंख्य सुशिक्षित घरांच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

१९२८ सालचा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातच जन्मली. मिरजकर, जोगळेकर यांचे ‘क्रांति’ साप्ताहिक आदल्या वर्षीच निघाले होते, आणि संपाच्या काळात कामगारांची बाजू त्यात येई. एका बाजूला मालकांचे आकडे छापणारी पत्रे, दुसऱ्या बाजूला ‘क्रांति’. पण या दोहोंच्या फटीतून एक बाब निसटत होती, ती आंबेडकरांनी पुढे आणली. गिरणीत विणाईखात्यात पगार अधिक, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तुटला की तोंडाने ओला करून ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. भांडवलदाराविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या दोन कामगारांमध्ये एक थुंकीचा थेंब उभा होता. ही गोष्ट आपल्या मागण्यांत घ्या, असा आग्रह आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. कामगारांचे चित्र काढणारे कामगारांचे मित्रही कधी कधी त्यातला एक कोपरा झाकून ठेवतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

खेड्यांतल्या पत्रांचा इतिहास वेगळाच आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या गावातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. हे मुकुंदराव कृष्णराव भालेकरांचेच जन्मदाते रक्त, दत्तक दुसरीकडे गेलेले. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे. इथे नुसता नमस्कार करून पुढे जातो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार पुन्हा पहिल्या पानावर आला. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला आणि त्याने कामगाराच्या तोंडची भाषा बेधडक मथळ्यात आणली. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरलेले दोघे उभे आहेत, ते शेतकरी आणि कामगार आहेत. राज्य जन्माला आले तेही १ मे रोजी. पुतळ्यात त्याला जागा मिळाली. शहरात ती किती मिळाली, हे उपनगरात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

कारण याच काळात मुंबई उत्तरेकडे सरकत होती. १९५० मध्ये अंधेरीकडचा भाग आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. आग्रा रोडच्या, म्हणजे पुढच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही बाजूंनी कुर्ला, विक्रोळी, भांडुप, मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले. कारखाना आला, पण त्यात काम करणाराने राहावे कोठे याचा विचार त्याच्यासोबत आला नाही. टेकडीच्या उतारावर, खाडीच्या कडेला, दगडखाणींच्या भोवती वस्त्या झाल्या. आणि मराठी वृत्तपत्रांच्या कोशात ‘झोपडपट्टी’ हा शब्द रुळला. ‘चाळ’ या शब्दात जिव्हाळा होता, तीवर विनोदी कथा लिहिता येत. झोपडपट्टीवर लिहावयाचे ते ‘समस्या’ म्हणून.

घाटकोपरच्या चिरागनगरात त्या समस्येच्या आत बसून एक मनुष्य लिहीत होता. अण्णाभाऊ साठे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईस आलेले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही. मुंबईत पडेल ती कामे केलेली. कम्युनिस्टांच्या ‘लोकयुद्ध’ पत्रात त्यांचे लेखन आले, पुढे शाहिरी, मग कथा-कादंबऱ्या. ‘फकिरा’ १९५९ ची, आणि ती बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे. ‘चिरागनगरची भुतं’ या नावाचा त्यांचा कथासंग्रह आहे. ज्या घरांना शहर भुताखेतांची जागा मानी, त्या घरांतली माणसे त्यांनी नायक-नायिका केली. त्यांच्या पात्रांना भूक लागते, ती खोटेही बोलतात, पण त्यांना स्वाभिमान असतो. त्याच घाटकोपर स्टेशनवर सकाळी जे वर्तमानपत्र विकले जाई, त्यात चिरागनगरचे नाव बहुधा आग, पाणीटंचाई किंवा मारामारी या तीनच निमित्तांनी यावे. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, तेही दारिद्र्यातच.

सर्वच ठिकाणी वृत्तपत्रे परकी राहिली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडले आणि वृत्तपत्रांनी ते प्रेमाने चालविले. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हाही बातम्यांचा सूर आपुलकीचा होता. माझा तर्क असा, की लाटणे पत्रकाराच्या घरीही होते. वस्तू ओळखीची असली की ती धरणारा हातही ओळखीचा वाटतो. लाल बावट्याला ते भाग्य लाभले नाही. तसेच, १९८१ साली पदपथांवरील रहिवाशांना शहराबाहेर हाकलण्याचा हुकूम निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांत ऑल्गा टेलिस या पत्रकारच होत्या. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. रहिवाशांना हटविण्याची मुभा मात्र त्याच निकालाने, नोटिशीची अट घालून, कायम ठेवली; बातम्यांत पहिला भाग अधिक गाजला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पुढारी डॉ. दत्ता सामंत, मूळचे घाटकोपरचे वैद्यक व्यावसायिक. तिथल्या दगडखाणींतील मजुरांना औषध देता देता, यांचा रोग औषधाने बरा होणारा नाही असे दिसून आल्यामुळे ते चळवळीत पडले. संपाचे मूळ केवळ पगारात नव्हते. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यान्वये गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि ती कामगारांना नको असली तरी तीच त्यांच्या वतीने बोलणार. ही गाठ सोडविणे हा संपाचा अर्धा हेतू होता. हा कायद्याचा भाग किचकट, म्हणून बातमीत तो मागे पडला. पुढे आले ते दोन चेहरे: हट्टी डॉक्टर, आणि भरकटलेला कामगार. ‘संप चिघळला’ असे मथळे येत. चिघळते ती जखम. म्हणजे संप हा शरीराचा विकार ठरला. उत्पादनाचे कोट्यवधींचे नुकसान आकड्यांत मोजता येई, आणि मोजले जाई. चाळीतल्या खोलीत भांडी विकली गेली, पोरांची शाळा सुटली, माणसे मुंबई सोडून कोकणात आणि साताऱ्याकडे परतली, याचा आकडा कोणाच्या कचेरीत तयार होत नव्हता. काही बातमीदारांनी चाळींत फिरून ते लिहिले, त्यांचे ऋण आहे; पण ते आतल्या पानावर. हा संप औपचारिक रीतीने कधीच मागे घेतला गेला नाही. बातम्या मात्र थांबल्या. पुढे त्या घरांचे काय झाले हे मराठी माणसाला समग्र कळले ते एका नाटकातून, जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मधून, १९९७ साली. आणि पवार स्वतः पेशाने पत्रकार होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जे वृत्तपत्रात मावले नाही ते त्यांनी रंगभूमीवर नेले.

१९९७ हे साल आपल्या पूर्व उपनगराने विसरू नये. १६ जानेवारीला पवईत घराजवळ दत्ता सामंतांची हत्या झाली. ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली आढळली, लोक द्रुतगती महामार्गावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. सरकारी खुलासा तत्काळ आला, की जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, मोठा अनर्थ टळला. तो खुलासा वर्तमानपत्रांत छापला गेला, चित्रफितीच्या रूपाने दूरदर्शन संचांवर दिसला. ज्यांची घरे हाकेच्या अंतरावर आहेत अशा सुशिक्षित सोसायट्यांतही तो खरा मानला गेला, कारण ‘जमाव’ म्हणजे पेटविणाराच, हे अनेक वर्षांच्या वाचनाने आधीच ठरले होते. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली; उच्च न्यायालयाने नंतर त्यास जामीन दिला. पहिल्या दिवसाच्या खुलाशाला जेवढी जागा मिळाली तेवढी या बातम्यांना मिळाली काय, हे ज्याने त्याने आपल्या आठवणीला विचारावे. त्या वस्तीतल्या किती जणांना ‘ते’ म्हटले गेले, हेही.

मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, जीव दिला. शहरातल्या झोपड्या पाडण्यावर आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली जो बोलपट काढला, त्यात त्यांचे गाणे आहे. आणि त्यांच्या मरणापासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हावयास चौदा वर्षे लागली.

त्याच वर्षी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वस्त्या हटविण्याचा न्यायालयीन हुकूम झाला, आणि ‘अतिक्रमण’ हा शब्द घरोघर पोचला. जंगल राखले पाहिजे यात शंका नाही. उपनगरांची हवा त्याच्यावर आहे. पण उद्यानाची रेषा नकाशावर येण्यापूर्वीपासून तिथे वारल्यांचे पाडे होते. रेषा त्यांच्यावर आली, आणि बातमीत तेच रेषेवर आलेले दिसले. उद्यानाला लागून उठलेल्या उंच इमारतींच्या जाहिराती त्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत झळकत. तिथे जंगल हे ‘निसर्गाच्या कुशीतले घर’ असे. कुशी एकच, शब्द दोन.

आता कारखाने बहुतेक गेले. भांडुप-मुलुंडला जिथे भोंगे वाजत तिथे बाजारसंकुले आणि मनोरे आहेत. कामकरी मात्र गेलेला नाही. तो दुचाकीवर बसला आहे, पाठीला चौकोनी पिशवी आहे. कंपनी त्याला ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, म्हणते. वृत्तपत्रे ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणतात, मग तो चाळीस वर्षांचा का असेना. २०२० च्या टाळेबंदीत त्याला काही आठवडे ‘योद्धा’ म्हणण्यात आले. त्याच एप्रिलच्या १४ तारखेला वांद्रे स्टेशनाजवळ गावी जाऊ पाहणारे हजारो मजूर जमले, तेव्हा बातम्यांत पुन्हा ‘जमाव’ आला. गाड्या सुटणार असल्याच्या बातमीने ही गर्दी झाली असा आरोप ठेवून एका वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटकही झाली. गर्दीतल्या माणसाला गावी का जावयाचे होते, घरात किती दिवसांचे धान्य उरले होते, हे मागाहून थोडेफार आले.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या नव्या कामगाराची व्याख्या केली आहे. त्याला निवृत्तिवेतन, विमा मिळावा असे त्यात आहे. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी त्यात नाही. रविवारी सायंकाळी, लोक घरी असतात म्हणून, त्याला सर्वांत अधिक काम असते. त्याचे ‘दीनबंधु’ अजून निघालेले नाही. निघालेच तर ते बहुधा त्याच्या मोबाइलवर, त्याच्याच बोलीत निघेल, आणि आपल्याला ते कळावयास वेळ लागेल.